अंकल, तुम्ही 'आसूं दी' म्हणालात त्याबद्दल

प्रिय अंकल,

सप्रेम नमस्कार.

देवनागरी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, तुमची सवय रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीची. म्हणून हे पत्र तुमच्या मुलीकडे पाठवतोय, ती वाचून दाखवेल. आणि चारचौघांना दिसेल असं उघड लिहितोय, कारण माझ्यासारखी अडखळत बोलणारी पोरं अजून कितीतरी वर्गांत, दुकानांत, शॉपफ्लोअरवर तोंड मिटून उभी आहेत. त्यांच्या वाट्याला तुम्ही आला नाहीत. निदान तुमची गोष्ट तरी यावी.

२०१७ साली तुमच्या निरोप समारंभात टूलरूममधले, म्हणजे आपल्या हत्यारं आणि साचे बनवणाऱ्या विभागातले, सगळे बोलले. मी हार घातला, पाया पडलो आणि मागे जाऊन उभा राहिलो. सात वर्षं तुमच्या शेजारच्या बेंचवर काम केलं आणि आभाराचं एक वाक्य तोंडून निघालं नाही. तेव्हा मी अडखळलो नव्हतो, घसा भरून आला होता. ते राहिलेलं आज लिहितोय.

माझी खरी अडचण 'प'. ओठ मिटतात आणि उघडतच नाहीत. आत शब्द तयार असतो, पण मान ताठ होते, डोळे आपोआप मिटतात. समोरचा आधी हसतो, मग घड्याळ बघतो, मग माझा शब्द स्वतःच पुरा करून टाकतो. आणि माझं नावच 'प'ने सुरू होतं. पुण्याहून येताना मला उतरायचं असायचं पिंपरीला, पण कंडक्टरसमोर 'पिंपरी' निघायचं नाही. म्हणून मी चिंचवडचं तिकीट काढायचो आणि पिंपरीला उतरायचो. कित्येक वर्षं हे चाललं. घरी कुणाला ठाऊक नव्हतं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. "किती रुपये जास्त जायचे?" एवढंच विचारलंत, आणि मी आकडा सांगितल्यावर बराच वेळ फाईल घासत राहिलात.

लहानपणी आजीनं मधात वेखंड उगाळून चाटवलं. कुणी म्हणालं, तोंडात खडे ठेवून बोलायला लावा. शाळेत बाई म्हणायच्या सावकाश बोल, वडील म्हणायचे श्वास घेऊन बोल, मामा म्हणायचा घाबरतोस कशाला. सगळ्यांची माया होती, ते नाकारत नाही. पण प्रत्येकाच्या बोलण्याचा अर्थ एकच होता, की तू आधी नीट हो आणि मग बोल. मोठ्या माणसांत शंभरात साधारण एक जण असा अडखळतो, आणि भित्रेपणा हे काही त्याचं मूळ नाही, हे मला फार पुढे कळलं. आयटीआय झाल्यावर एका कंपनीत मुलाखतीला गेलो. नाव विचारलं. मला एवढा वेळ लागला की साहेबांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, यावर लिही. मी लिहिलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की हातानं काम करायचं, तोंडाचं काम कुठं येणार नाही अशी जागा धरायची.

अप्रेंटिस म्हणून तुमच्या टूलरूमला आलो ते तसाच. पहिले तीन महिने तुमच्याशी मी मान हलवूनच बोललो असेन.

मग २०१० चा दसरा आला. मशिनी पुसून, झेंडूच्या माळा घालून आपण पूजा केली. तुम्ही ख्रिस्ती, पण दरवर्षीप्रमाणे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हात जोडून उभे होतात. आरती सुरू झाली आणि मी मोकळ्या आवाजात म्हणायला लागलो, कारण आरतीत मी कधीच अडखळत नाही. गाताना, तालात म्हणताना, सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळताना 'प' सुद्धा सुटतो. पुष्कळ अडखळणाऱ्यांचं असं असतं. मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. तुम्हाला वाटलं. प्रसाद घेताना तुम्ही माझ्याकडे असे बघत होतात, जसे तुम्ही नवीन डायकडे, नव्या साच्याकडे बघायचात, बोट न लावता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही मला टूलरूमच्या मागे कडुनिंबाखाली नेलंत. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक एलपी, गाण्यांची मोठी तबकडी होती. तुमचे थोरले भाऊ तारवटी, बोटीवर असताना त्यांनी ती कुठल्याशा बंदरातून आणलेली. कव्हरवर एक काळा माणूस उभा होता, साध्या कपड्यांत, हातात जेवणाचा डबा. मला वाटलं हा तुमच्या ओळखीतला कुणी असेल. तुम्ही म्हणालात, "हा बिल विदर्स, अमेरिकेतला गायक. हा फोटो कारखान्यातला, ह्याच्या लंच ब्रेकमधला. आपल्यासारखाच बघ, डबा घेऊन." मग मोबाइल काढलात, इअरफोनची एक बाजू माझ्या कानात, एक तुमच्या.

गाणं होतं 'एन्ट नो सनशाइन'. १९७१ सालचं, त्याच्या पहिल्याच अल्बममधलं. माझं इंग्रजी तेव्हा मशीनच्या मॅन्युअलपुरतं. एवढंच कळलं की घरातून कुणीतरी निघून गेलंय आणि या माणसाच्या दारात ऊन येत नाही. आवाज अगदी बोलल्यासारखा, कुठं ताण नाही. आणि मग ते आलं. 'आय नो, आय नो, आय नो...' संपेचना. मागची वाद्यं जवळजवळ गप्प झाली, ताल तेवढा राहिला, आणि तो माणूस तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. माझ्या पोटात गोळा आला. मला वाटलं मेमरी कार्ड अडकलं. दुसऱ्याच क्षणी वाटलं, नाही, हा अडकलाय. माझ्यासारखा, सगळ्यांच्या देखत. मी इअरफोन काढायला लागलो तर तुम्ही माझा हात धरलात.

"अडकलं नाही. मोज," तुम्ही म्हणालात.

तुम्ही गाणं मागे नेलंत. मी खिशातला मार्किंगचा खडू काढला आणि पायाजवळच्या पत्र्याच्या तुकड्यावर रेघा ओढत गेलो, चार उभ्या, एक आडवी. पाचाचे पाच गठ्ठे झाले आणि वर एक रेघ. सव्वीस. दोन मिनिटांच्या जेमतेम वर असलेल्या गाण्यात सव्वीस वेळा तेच दोन शब्द. तो पत्रा मी घरी नेला. अजून आहे. खडू पुसला जाऊ नये म्हणून रेघांवरून नंतर स्क्रायबर, पत्र्यावर ओरखडे काढायची अणकुचीदार सळई, फिरवून घेतला.

मग तुम्ही मला तो माणूस सांगितलात. जन्म १९३८ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क नावाच्या कोळसाखाणीच्या गावातला. सहा भावंडांत धाकटा. वडील खाणकामगार, तो तेरा वर्षांचा असताना गेले. पुढे नऊ वर्षं अमेरिकन नौदलात. मग लॉस एंजेलिस, आणि तिथं विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी. ७४७ विमानांची शौचालयं बसवायचं काम. गहाणवटीच्या दुकानातून स्वस्तातली गिटार घेऊन रात्री शिकायचा. आणि हे सगळं सांगून झाल्यावर, डबा उघडता उघडता, तुम्ही सहज सांगितल्यासारखं सांगितलंत, "लहानपणापासून अडखळायचा. अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत."

मी घास तोंडात तसाच धरून बसलो होतो.

त्या सव्वीस वेळांची हकिगत त्यानं स्वतःच पुढे मुलाखतींतून सांगितली आहे. मी आता ती माझ्या शॉपमधल्या पोरांना सांगतो. त्या जागी त्याला कडव्याचे शब्द लिहायचे होते. ते सुचले नव्हते, म्हणून तात्पुरतं 'आय नो, आय नो' म्हणून जागा भरली होती. स्टुडिओत समोर कोण बसलं होतं? निर्माता म्हणून बुकर टी. जोन्स, ड्रमवर अल जॅक्सन, बेसवर डोनाल्ड डन, गिटारवर स्टीफन स्टिल्स. अगदी समोर ग्रॅहम नॅश, नुसता धीर द्यायला. सगळी नाव कमावलेली माणसं, आणि हा एकटा कारखान्यातून आलेला. तो म्हणाला, इथं मी काहीतरी लिहिणार आहे. बुकर टी. म्हणाला, नको, तसंच ठेव. बाकीच्यांचंही तेच मत पडलं. आणि त्यानं तसंच ठेवलं.

मी हे अनेकदा मनात घोळवलंय, अंकल. ज्या माणसाचं अर्धं आयुष्य शब्द अडकण्यात गेलं, त्याला खोलीतल्या सगळ्यात जाणकार माणसांनी सांगितलं की तुझं हे पुन्हा पुन्हा तेच म्हणणं दुरुस्त करू नकोस. पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. गाणं आधी सिंगलच्या मागच्या बाजूला टाकलं होतं, पुढच्या बाजूला 'हार्लेम'. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी करून हेच वाजवलं. अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, ग्रॅमी मिळालं. तुम्हाला मात्र त्याच अल्बममधलं पुढचं सिंगल जास्त आवडायचं, आजीच्या हातांवरचं. ते लावलंत की तुम्ही कुणाशी बोलायचा नाहीत.

त्या दुपारी सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि मी तुम्हाला विचारायला गेलो की मीही अठ्ठाविसाव्या वर्षी बरा होईन का. 'प' नव्हता त्या वाक्यात, तरी अडकलो. तुम्ही थांबलात. सगळे आत गेले तरी थांबलात. माझं वाक्य पुरं झालं तेव्हा तुम्ही म्हणालात, "जालो तर जालो. नाही जालो तर आसूं दी. बोल मात्र."

आसूं दी. असू दे. एकवीस वर्षांत मला हे कुणी म्हणालं नव्हतं.

त्यानंतरचं एक सांगायलाच हवं, कारण तुम्ही ते विसरला असाल. २०१४ मध्ये मला सेक्शनचा लीडर केलं आणि सकाळच्या शिफ्टआधीचा टूलबॉक्स टॉक माझ्याकडे आला. पाच मिनिटं, तीस माणसं, रोज सुरक्षेचा एक विषय. मी आदल्या दिवशी दोन पानं लिहून तुमच्याकडे आलो. म्हणालो, अंकल, मी रोज लिहून देतो, तुम्ही बोला. तुम्ही पानं हातात घेतलीत, चष्मा लावून बघितलीत, आणि मला परत दिलीत. मग ती दुसरी गोष्ट सांगितलीत. रेकॉर्डिंगच्या दिवशी विदर्स कामावरचे जुने बूट घालून, जुनाट गाडीतून, गाण्यांनी भरलेली वही घेऊन आला. आतली माणसं बघून त्यानं बुकर टी.ला बाजूला घेतलं आणि विचारलं, ही गाणी म्हणणार कोण? त्याला खरंच वाटत होतं की कुणी दुसरा गायक येणार आहे. बुकर टी. म्हणाला, तूच.

पहिल्या दिवशीचा विषय मीच निवडला होता आणि फसलो होतो. पेडेस्टल ग्राइंडर, खांबावर बसवलेलं घासायच्या चाकाचं मशीन. 'प'. सकाळी साडेसहा, सगळे हेल्मेट घालून अर्धगोलात उभे. मी तोंड उघडलं आणि ओठ मिटले ते मिटलेच. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी मदत म्हणून ओरडलं, "पेडेस्टल!" तुम्ही मागे वळून पाहिलंही नाहीत. नुसता हात वर केलात, आपण क्रेनला थांबायची खूण करतो तसा, आणि म्हणालात, "त्याला म्हणू द्या." मग तो हात तसाच वर ठेवलात. शब्द निघेपर्यंत.

पाच मिनिटांचा टॉक अकरा मिनिटं चालला. टूल रेस्ट म्हणजे काम टेकवायची पट्टी आणि व्हील म्हणजे घासायचं चाक यांच्यातली फट तीन मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवायची नाही, हे सांगितलं. नवीन व्हील चढवण्याआधी लाकडी मुठीनं ठोकून बघायचं, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत तडा आहे असं समजायचं, हेही सांगितलं. दोनदा अडकलो, एकदा फारच. संपल्यावर एक जुना ग्राइंडरवाला पुढे आला आणि म्हणाला, आमच्या मशीनची फट आज तपासतो, दोन नंबरची जास्त वाटते. त्यानं खरंच तपासली. ती पाच निघाली. माझ्या तोंडून निघालेल्या शब्दांमुळे एक नट सैल झाला आणि फट बसवून परत आवळला गेला, अंकल. त्या नटापाशी मी दिवसभरात चार वेळा जाऊन आलो.

मला बढती मिळाली, पगार वाढला, ते सगळं यथावकाश झालं. पण तुमचे आभार मानायला बसलो की मला तो वर धरलेला हात आठवतो.

मग २०२०. लॉकडाऊन लागून नऊ-दहा दिवस झाले होते, कंपनी बंद, मी घरात. ३ एप्रिलला बातमी आली की बिल विदर्स गेला. ३० मार्चलाच गेला होता, एक्याऐंशी वर्षांचा होऊन. मी फोन उचलला. तुम्हाला माहीत आहे, फोन मला नकोसा होतो, कारण फोनवर समोरच्याला माझा चेहरा दिसत नाही, नुसती शांतता ऐकू येते, आणि लोक लाइन कट झाली समजून ठेवून देतात. तुम्ही गोव्याला गेल्यापासून मी तुम्हाला मेसेजच पाठवायचो. त्या दिवशी पहिल्यांदा नंबर लावला. तुम्ही उचललात, "हॅलो" म्हणालात. मी अडकलो. पुन्हा "हॅलो." माझ्याकडून काहीच नाही. आणि मग तुमचा आवाज आला, "बाबा, तू काय? घे टायम. हांव आसां." मी आहे.

शांततेवरून मला ओळखणारं माणूस जगात एकच आहे.

काही मिनिटांनी मी बोलू शकलो. तुम्हाला बातमी ठाऊक होती. तुम्ही फोन स्पीकरजवळ ठेवलात आणि तीच एलपी लावलीत. सुईची खरखर फोनवरही ऐकू येत होती. 'आय नो' सुरू झालं तेव्हा मी नकळत बोटांवर मोजायला लागलो. गाणं संपल्यावर तुम्ही म्हणालात, "सव्वीस." मी म्हणालो, "सव्वीस." मग आपण मासे, पाऊस, तुमचा गुडघा असं काहीबाही बोललो. अठरा मिनिटांचा कॉल. माझ्या आयुष्यातला तोवरचा सगळ्यात लांब.

तुम्ही तेव्हा म्हणाला होतात की त्या अल्बमचं नावच बघ, 'जस्ट ॲज आय ॲम'. आहे तसा. तोवर मी ते नाव शंभरदा वाचलं असेल. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा त्याचा अर्थ लागला.

नंतर मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. नोकरी सुटलेली असतानाच्या दिवसांत त्याला एकदमच दोन पत्रं आली होती. एकात कारखान्यानं परत कामावर बोलावलं होतं, दुसऱ्यात जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमाचं आमंत्रण. १९८५ च्या अल्बमनंतर त्यानं स्वतःचे नवीन अल्बम काढणंच सोडलं आणि घरी राहिला, कुणाच्या आग्रहाला भुलला नाही. आणि त्याच्यावर २००९ साली आलेल्या माहितीपटात तो न्यूयॉर्कमध्ये अडखळणाऱ्या मुलांना भेटायला जातो. ती मुलं रंगमंचावर उभी राहून आपापल्या वेळानं बोलतात आणि हा म्हातारा समोर बसून रडतो. तो भाग बघताना मला तुम्ही शेजारी हवे होतात.

आता हे पत्र आजच का, ते सांगतो.

माझा मुलगा चार वर्षांचा झाला. दोन महिन्यांपूर्वी त्याचा 'बाबा' अडकला. ब, ब, ब. मी जेवत होतो. ताट बाजूला सारलं. मला वाटलं होतं हे घरात कधीतरी येईल, कारण ते रक्तातून उतरू शकतं. पण आलं तेव्हा हातपाय गळून गेले. माझ्या आईनं कपाटातून वेखंड काढलं. मी तिला नको म्हणालो नाही, तिचा जीव तुटत होता. दुसऱ्या दिवशी वाचा-उपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्या छान आहेत, त्यांचं चालू आहे. बऱ्याच मुलांचं या वयातलं अडखळणं आपोआप जातं असं त्या म्हणाल्या. याचं जाईल का, ते आत्ताच कुणी सांगू शकत नाही.

त्यांच्याकडे जायला आठवड्यातून एकच दिवस. उरलेले सहा दिवस मी आहे. तो अडकला की माझ्या तोंडावर शब्द तयार येतो, 'बाबा म्हणायचंय ना?' असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. आणि मग तुमचा हात आठवतो. मी हातातलं काम खाली ठेवतो, खाली बसतो, त्याच्या डोळ्यांत बघतो आणि थांबतो. कधी दहा सेकंद, कधी जास्त. बायकोलाही आता जमायला लागलंय. आईचं अजून व्हायचंय.

मे महिन्यात कंपनीचं आठ दिवसांचं शटडाऊन आहे. आम्ही तिघं तुमच्याकडे येतोय. तिकिटं काढली, स्टेशनवर जाऊन, खिडकीवर बोलून. एलपी काढून ठेवा. पत्र्याचा तुकडा मी घेऊन येतोय. आणि पोरगं तुम्हाला काहीतरी सांगणार आहे. पंधरा दिवसांपासून त्याची तयारी चालली आहे. काय सांगणार ते मला ठाऊक आहे, पण ते त्याचं आहे, मी लिहीत नाही. त्याला वेळ लागेल.

तुमचा,
टूलरूममधला बाबा